ग्रीनवर साचणारं पाणी कसं जिरवलं: माझा अनुभव

नागपुरात गोल्फचं मैदान सांभाळायचं म्हणजे काळ्या मातीशी रोजचं भांडण. मे महिन्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. आमच्या एका ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, सर येऊन गेली तरी डबकं हटेना, बर्म्युडा गवत पिवळं पडू लागलं. खत वाढवा, असं जो तो सांगे. मी सुरीने मातीचा उभा तुकडा कापून पाहिला: वर मेलेल्या काड्यांचा जाड थर, खाली दाबून घट्ट झालेली माती, मुळं वरच अडकलेली.

मग पोकळ दातांचं एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र, फिरवलं, साधारण ८ सेंमी खोल. भरीव खिळ्यांनी ही माती बाजूने आणखी दाबली जाते, म्हणून मातीचे गट्टू बाहेरच काढले, झाडून उचलले. भोकांत चाळलेली कन्हान नदीची वाळू ब्रशने भरली. वाळू कोरडीच हवी; ओली तोंडाशी अडकते.

पावसाची उघडीप आणि मातीला वाफसा, दोन्ही साधायला हवं. बर्म्युडा उष्ण हवेतलं गवत, थंडीत भोकं लवकर बुजत नाहीत. पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच खळग्याकडे घरंगळवणं, काही दिवस खडबडीत होतं, मेंबर कुरकुरतात. कुरकुरू द्यावं. पुढच्या सरीचं पाणी जिरलं, पांढरी मुळं वाळूतून खाली उतरली.