पहिल्या दिवशी फक्त त्याचे शब्द लिहून घ्या

धुळ्यात मी 14 वर्षं मानसोपचाराचं काम करतेय. महिन्यातले दोन शनिवार चोपड्याला बसते. मानसशास्त्रात एम.ए. करून नुकती कामाला लागलेली मुलं-मुली माझ्याकडे शिकायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, पहिल्या भेटीत काय विचारायचं?" त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहितेय. उदाहरणांतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं आणि तपशील बदलले आहेत.

आपल्याकडे माणूस एकटा येत नाही, हे आधी धरून चाला. गाडी करून चार-पाच जण येतात: सासरे, मोठा भाऊ, मामा, गाडीवाला ओळखीचा असेल तर तोही आत येऊन बसतो. त्यांना बाहेर घालवायची घाई करू नका. मी सगळ्यांना आत घेते, पाणी देते, दहा मिनिटं त्यांचं ऐकते. कधीपासून जेवण कमी झालं, रात्री उठून कोण बसतं, हे घरच्यांनीच पाहिलेलं असतं. मग सर्वांत वडीलधाऱ्याकडे बघून म्हणते, "आप्पा, तुम्ही आणलंत म्हणून हे इथवर आले. आता अर्धा तास मला यांच्याशी एकटीला बोलू द्या." मान देऊन मागितलं की माणसं उठतात. आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलंय.

सुरुवातीच्या काळात एकदा मी हे मागायला कचरले होते. सुनेला घेऊन आलेले सासरे खुर्ची सोडेनात, मीही आग्रह धरला नाही. ती मुलगी पाऊण तास पदराचं टोक बोटाला गुंडाळत मान हलवत राहिली. पुन्हा आली नाही. तिला काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि त्याची खंत अजून आहे. तेव्हापासून पहिल्याच भेटीत एकांत मिळाल्याशिवाय मी कुणालाही परत पाठवत नाही.

दार लागलं की आधी गुप्ततेचं बोला. "तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. जिवाला धोका दिसला, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर मात्र मला गप्प बसता येणार नाही." 2012च्या पॉक्सो कायद्यानं ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. नंतर सांगितलं तर समोरच्याला दगा झाल्यासारखं वाटतं, म्हणून आधीच. घरच्यांना शेवटी पुन्हा आत बोलवायचं असतं. त्यांना काय सांगू आणि काय नको, हेही त्या माणसालाच विचारा.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी आजाराचं नाव घेऊ नका. त्याचे शब्द लिहून घ्या, जसेच्या तसे.

"डिप्रेशन आलंय" असं म्हणत आमच्याकडे फार कमी लोक येतात. "मना जीव घाबरस," "पोटमा गोया उठस," "डोकामा भणभण व्हस," असं येतं. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिलोरी. मला यातली अहिराणीच नीट येते, बाकीच्यांना मी सरळ विचारते, "हे तुमच्याकडे कसं म्हणतात?" आणि तो शब्द वहीत लिहिते. पुढच्या भेटीत "चिंता कशी आहे?" असं न विचारता "गोया किती वेळा उठला?" असं विचारते. आपलं बोलणं कुणीतरी जपून ठेवलंय हे त्या माणसाला तिथेच कळतं. पुढचा सगळा उपचार त्या विश्वासावर चालतो.

रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी छातीत धडधड होते म्हणून दोन डॉक्टर करून आले होते. ईसीजी चांगला होता. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते आणि ते एकसारखे दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत होते. मी धडधडीबद्दल विचारलंच नाही. "यंदा किती खोड होतं?" म्हटलं. "पाच हजार." बराच वेळ काही नाही. मग, "वादळात अर्ध्या तासात आडवं पडलं. घड भरलेले होते." आणि ते रडले. तोवर कुणापुढे रडले नव्हते, कारण घरात त्यांच्याकडेच सगळे बघत होते. त्या दिवशी मी एवढंच लिहिलं: भरलेले घड, अर्धा तास, धडधड. निदान दुसऱ्या भेटीत केलं. पीएचक्यू-9 ही नैराश्य किती आहे ते बघायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मी तेव्हाच काढते, आणि हातात कागद न देता मोठ्यानं वाचून, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते.

तंत्रं पुस्तकातून शिका, पण ती माणसाच्या मापानं कापून घ्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी 1960च्या दशकात मांडलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धत, मी रोज वापरते. तिच्यात घरी लिहायचं काम असतं: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना. शिरपूरकडची एक बाई म्हणाली, "ताई, माले लिवता येत नही." मी तिला दोन वाट्या ठेवायला सांगितल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. जीव घाबरला की त्या त्या वाटीत हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा. आठवड्यानं ती रुमालाच्या दोन गाठी घेऊन आली. टेबलावर सोडल्या: सकाळचे सात, संध्याकाळचे तेवीस. दाण्यांकडे बघत तीच म्हणाली, "सांजले जास्ती शेतस." संध्याकाळी काय होतं? फायनान्सच्या हप्त्याचे फोन तेव्हा यायचे, आणि नवऱ्याला त्या कर्जाचा पत्ता नव्हता. दोन भेटींत जे निघालं नव्हतं ते तीस दाण्यांनी काढलं.

झोपेचंही तसंच. "रात्री दहाला झोपा, मोबाइल लांब ठेवा" हे सांगण्याआधी शेतातली लाइट कोणत्या पाळीला आहे ते विचारा. रात्रपाळी असेल तर माणूस दोन वाजता मोटर चालू करायला विहिरीवर जातो. तो तुमचा सल्ला मान हलवून ऐकेल आणि मनात म्हणेल, या बाईला काही माहीत नाही. त्या आठवड्यात दुपारची झोप कुठे बसवता येईल आणि भावाबरोबर पाळी वाटून घेता येईल का, यावर बोला.

भगताकडे जाऊन आलेल्यांना रागवू नका. मी साधेपणानं विचारते, "काय सांगितलं त्यांनी? बरं वाटलं का?" दोरा बांधला असेल तर राहू द्या. मारहाण, उपाशी ठेवणं, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणं, याला मात्र तिथल्या तिथे स्पष्ट नाही म्हणा.

मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. कुणीतरी विचारलं म्हणून माणसं सुटकेचा श्वास टाकतात. "कधी असं वाटतं का, की आपण नसलेलं बरं?" इथून सुरू करा, मग "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?" आवाज बदलू द्यायचा नाही. उत्तर हो असेल तर त्याला त्या दिवशी एकटं सोडू नका आणि गाडीत बसण्याआधी घरच्यांशी, त्याला सांगून, एक व्यवहाराची गोष्ट बोला: फवारणीचं औषध कुठे ठेवलंय? ते त्याच दिवशी घरातून हलवायचं, कुलपात ठेवायचं आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी घरच्यांच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावते. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "पोलीस केस होईल" म्हणून प्रयत्न लपवणाऱ्यांना 2017चा मानसिक आरोग्य कायदा समजावून सांगा. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच तो कायदा धरून चालतो, शिक्षेचं बघत नाही.

गोळ्या आपण देत नाही. माणसाला आवाज ऐकू येत असतील, चार-पाच रात्री अजिबात झोप नसेल, अन्नपाणी सुटलं असेल किंवा जीव देण्याचं मनात पक्कं झालं असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवा. चिठ्ठी देऊन भागत नाही, स्वतः फोन करा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे आधी सांगितलं नाही, तर आठव्या दिवशी पाकीट बंद होतं.

फी, वेळ आणि पुढची तारीख पहिल्याच दिवशी बोला, आणि वेळ एसटी बघून द्या. शेवटची बस चुकेल या धास्तीनं बसलेला माणूस मोकळा होत नाही.

काम संपत आलं की भेटी एकदम तोडू नका. आठवड्यावरून पंधरा दिवस, मग महिना. शेवटच्या भेटीत मी एक छोटं कार्ड लिहून देते, त्यावर शब्द त्यांचेच. केळीवाल्या भाऊंच्या कार्डावर होतं: "धडधड सुरू, बागेत जाणं टळलं, फोन उचलावासा वाटत नाही. सलग तीन दिवस झालं तर ताईंना फोन." पासबुक ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी ते घातलं. पुढच्या पावसाळ्यात, वादळाचा इशारा आला त्या संध्याकाळी, त्यांचा फोन आला. "तीन दिवस झाले नाहीत, एकच झाला," म्हणाले, "पण म्हटलं, आधीच करावा."