साठ हजारांच्या ऑफरचा हिशेब

रविवारी दुपारी जेवणं आटोपत होती तेवढ्यात भाचा आला आणि मोबाईलवर ऑफर लेटर उघडून माझ्यासमोर धरलं. “मावशी, महिन्याला साठ हजार! आत्ताच्या दीडपट. चाकणला. सोमवारी राजीनामा टाकू ना?”

मी म्हटलं, आधी कागद-पेन आण.

गेली अठरा वर्षं मी नाशिकच्या कारखान्यांत टाइम ऑफिस आणि पेरोल, म्हणजे हजेरीचं आणि पगाराचं काम, सांभाळते. आधी सातपूर, आता अंबड. जास्त पगारासाठी सोडून गेलेली पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांचे फुल अँड फायनलचे, म्हणजे सोडतानाच्या देण्या-घेण्याचे, हिशेब मीच केले आहेत. कित्येकांचं भलं झालं. काही जण सहा महिन्यांत फोन करून विचारतात, “मॅडम, परत घेतील का?” दोघांतला फरक बहुतेक वेळा एकच असतो. एकाने निघण्याआधी हिशेब मांडलेला असतो, दुसऱ्याने तो पहिला पगार खात्यात आल्यावर मांडलेला असतो. म्हणून हा हिशेब कसा मांडायचा ते भाच्याच्याच आकड्यांवरून सांगते. मी त्याला करायला लावलं ते जसंच्या तसं.

कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आत्ताची नोकरी, उजवीकडे नवी. वरच्या ओळीत सीटीसी लिहू नका. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला कितीला पडता तो आकडा. तुमच्या खात्यात तो कधीच येत नाही. ऑफर लेटरच्या शेवटी पगाराच्या फोडीचा तक्ता जोडलेला असतो, तो उघडा. तक्ता नसेल तर मागून घ्या. तो आल्याशिवाय “हो” म्हणायचं नाही.

भाच्याच्या तक्त्यात वर्षाचे ७,२०,००० होते. त्यातले ७२,००० व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेर कामगिरी आणि कंपनीचा नफा बघून मिळणारे, मिळाले तर. ते महिन्याच्या हिशेबातून सरळ काढून टाका. राहिले महिन्याला ५४,०००. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ३०,०००, त्याच्या १२ टक्के म्हणजे ३,६०० कंपनीचा पीएफचा वाटा. तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांची, तरतूद १,४४३. ही रक्कम प्रत्यक्ष मिळणार नोकरी टिकली तर काही वर्षांनी, पण मोजलेली आजच्या पगारात. विम्याचा हप्ता ८००. हे सगळं वजा जाता पगारपत्रकावर दिसणार ४८,१५७. त्यातून त्याच्या स्वतःच्या पीएफचे ३,६०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जाणार. (महाराष्ट्रात फेब्रुवारीत हा कर ३०० असतो, वर्षाचे २,५००.) बस आणि कँटीनचे १,३००. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर त्याला आयकर लागत नाही. त्यामुळे हातात ४३,०५७.

साठाचे त्रेचाळीस झाले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, अजून भाडं राहिलंय.

डाव्या बाजूला आत्ता हातात येणारे ३३,४००. तो राहतो घरी, दुचाकीवर वीस मिनिटांत कामावर. पेट्रोल १,५००, आईला घरखर्चाला ८,०००. उरतात २३,९००. उजव्या बाजूला चाकणजवळ मोशीत तिघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटचा त्याचा वाटा ५,५००, मेस ४,०००, महिन्यातून दोनदा नाशिकला ये-जा १,६००, आणि आईला तेच ८,०००. उरले २३,९५७.

सत्तावन्न रुपयांचा फरक. मी त्याच्याकडून दोनदा बेरीज करून घेतली.

याचा अर्थ ऑफर वाईट आहे असा नाही. पीएफ बघा. आत्ताची कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापते, त्याचे १,८०० आणि कंपनीचे १,८००. तिकडे पूर्ण बेसिकवर कापणार, ३,६०० अधिक ३,६००. म्हणजे महिन्याला ३,६०० जास्त बाजूला पडणार, वर्षाचे ४३,२००. हा खरा फायदा. व्हेरिएबलचे ७२,००० आले तर तेही. पण ते किती येतात हे एचआरला न विचारता तिथे काम करणाऱ्याला विचारायचं, आणि विचारायचं असं: “गेल्या वर्षी तुला शंभरातले किती मिळाले?” “मिळतात ना व्हेरिएबल?” असं विचारलं की सगळे हो म्हणतात.

आता कागद उलटा करा. मागच्या बाजूला लिहायचं, सोडल्यामुळे काय बुडणार. हा भाग मी स्वतः ठेच खाऊन शिकले.

२०१२ साली मी सातपूरची माझी पहिली नोकरी चार वर्षं तीन महिन्यांनी सोडली. नवीन ठिकाणी सहा हजार जास्त होते. पाच वर्षं पूर्ण झाली नव्हती, म्हणून ग्रॅच्युइटीची एक दमडी मिळाली नाही. नऊ महिने थांबले असते तर मिळाली असती, आणि पेरोलला असून मी हे मोजलं नव्हतं. त्याहून मोठं पुढे होतं. जुन्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील होते. नव्या कंपनीत फक्त नवरा-बायको आणि मुलं. मी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी करावी लागली. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी जुनं कार्ड पुढे केलं, तर समोरच्या मुलीने संगणकात बघून ते परत दिलं आणि म्हणाली, “हे बंद झालंय.” आईने घरी जाऊन पाटल्या काढून दिल्या. पुढची दोन वर्षं ते वाढीव सहा हजार त्या पाटल्या सोडवण्यात गेले. बाबा बरे झाले, पण पिवळ्या काठाचं ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

म्हणून ग्रॅच्युइटीचं गणित आधी करा. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. भाच्याचं बेसिक १८,०००. पाच वर्षांचे होतात सुमारे ५२ हजार. त्याची झाली होती चार वर्षं पाच महिने. कायम कामगाराला साधारणपणे पाच वर्षांची अट लागते. चार वर्षं २४० दिवस भरले तर काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. आपल्या टाइम ऑफिसला आधी विचारा, “आमच्याकडे होईल” या मित्राच्या शब्दावर जाऊ नका. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर तुमचा नियम वेगळा आहे, तोही विचारून घ्या.

मेडिक्लेमचे प्रश्न तीन. आईवडील त्यात आहेत का, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, आणि रक्कम किती. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे सगळ्यात आधी बघा. स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेलात तर अशा आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे त्यांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या पगारातून पाऊण टक्का ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, जातो आणि त्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांसह घरातल्यांचे उपचार होतात. २०,००० वरून २३,००० वर उडी मारली की नव्या कंपनीत ईएसआय नाही. तीन हजार वाढले, पण आईच्या औषधांचं काय? नवीन कंपनीचा मेडिक्लेम हॉस्पिटलात भरती झाल्यावरच कामाला येतो. महिन्याच्या गोळ्या बहुधा त्यात बसत नाहीत.

पीएफ मात्र बुडत नाही. तो काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकावर, नव्या कंपनीत वळवून घ्या. एकूण पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. वळवला की जुनी वर्षं धरली जातात. नोकरी बदलताना पीएफ काढून मोबाईल घेणाऱ्या पोरांना मी दरवेळी अडवते. निम्मी ऐकतात.

पैशांचं झालं. आता ती जागा बघून या. भाच्याला मी चाकणला पाठवलं, शिफ्ट बदलायच्या वेळी गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला. विचारायचे प्रश्नही दिले होते. पगार किती तारखेला होतो? ओव्हरटाइम मिळतो की नुसती बदली सुट्टी? तुझा साहेब किती दिवस टिकलाय? गेल्या वर्षात किती जण सोडून गेले? तो येताना सांगत आला की पगार ७ तारखेच्या आत होतो, पण पहिल्या शिफ्टची बस मोशीहून पावणेसहाला निघते आणि तळेगाव चौकातल्या गर्दीमुळे परतायला रोज चार वाजून जातात. म्हणजे दहा तास घराबाहेर. हेही कागदावर लिहायचं, रुपयांच्या शेजारी.

मग मी त्याला विचारलं, काम काय आहे? इथे तो तीन वर्षं माप घ्यायच्या त्याच गेजने तेच पार्ट तपासतोय. तिथे सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या संगणकी यंत्रावर, बसवणार, प्रोग्रामिंग शिकवणार. हे ऐकलं आणि माझा कौल बदलला. सत्तावीस वर्षांच्या पोराने सत्तावन्न रुपयांसाठी घर सोडू नये, पण हे काम हाताला लागणार असेल तर जरूर सोडावं. दोन वर्षांनी नाशिकमध्येच त्याला या कामाचे पैसे मिळतील. चाळिशीतला माणूस असता, मुलं शाळेत असती, तर याच कागदावर मी थांब म्हटलं असतं.

कागद भरला की घासाघीस करायला मुद्दे आपोआप मिळतात. “थोडं वाढवा ना” असं म्हणू नका. भाच्याने मेल लिहिला की आता सोडल्याने माझी ५२ हजारांची ग्रॅच्युइटी जाते, तेवढा जॉइनिंग बोनस द्यावा. व्हेरिएबलचा अर्धा भाग पक्क्या पगारात घ्यावा. आणि माझी नोटीस ६० दिवसांची आहे, तेवढी मुदत द्यावी. त्यांनी ४०,००० चा बोनस दिला, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायच्या अटीवर. मुदत दिली. व्हेरिएबलला नाही म्हणाले. मागितलं म्हणून ऑफर मागे घेतील अशी भीती त्याला होती. नीट कारण देऊन मागितल्यावर ऑफर गेल्याचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

नोटीसबद्दल एवढंच, की कमी दिवस भरले तर कापणार ते बेसिकवर की पूर्ण पगारावर, आणि शिल्लक रजा त्यात वळती होतात का, हे आपल्या नेमणूक पत्रात वाचा. आणि नवीन कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र, त्यात रुजू होण्याची तारीख, हे हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. फोनवरचा “समजा झालंच” हा शब्द धरून राजीनामा दिलेली माणसं मी दोन महिने घरी बसलेली पाहिली आहेत.

राजीनामा दिल्यावर साहेब केबिनमध्ये बोलावतील आणि म्हणतील, किती पाहिजेत बोल. तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं हवं. फक्त पैशांसाठी जात असाल तर वाढ लेखी आणि या महिन्यापासून मागा. कामासाठी किंवा साहेबामुळे जात असाल तर थांबू नका. पगार वाढला तरी साहेब तोच राहतो.

शेवटच्या आठवड्यात सगळ्या पगाराच्या स्लिपा, मागच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा दाखला) आणि अनुभवाचं पत्र आपल्या खासगी मेलवर घ्या. कंपनीचा मेल बंद झाला की कुणी दारात उभं करत नाही. नवीन ठिकाणी या वर्षाचा आधीचा पगार कळवा, नाहीतर करातली वजावट दोन्हीकडे धरली जाते आणि रिटर्न भरताना कर अंगावर येतो.

भाच्याच्या कागदावर एक ओळ रिकामी राहिली होती. माझ्या बहिणीला मधुमेह आहे. नव्या पत्रात आईवडिलांबद्दल अक्षरही नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे लेखी आल्याशिवाय तू राजीनामा टाकणार नाहीस. त्याने एचआरला विचारलं. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी मेल आला की रुजू झाल्यापासून ३० दिवसांत नावं दिली तर आईवडिलांना घेता येईल, मधुमेह पहिल्या दिवसापासून धरतील, हप्ता वर्षाला १८,००० पगारातून कापला जाईल. भाच्याने उजव्या बाजूला आणखी १,५०० वजा केले. मेल छापून ताईला वाचून दाखवला, आणि मग राजीनामा लिहायला बसला.