सेंट लुईचा उगम नदीकाठावरून कसा वाचावा

अमेरिकेतील मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुई शहराला गेलेले बहुतेक पाहुणे तिथल्या १९२ मीटर उंच ‘गेटवे आर्च’ या कमानीच्या माथ्यावर जाणाऱ्या डब्यांच्या रांगेत उभे राहतात. हे शहर मुळात का वसले, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी ती रांग शेवटी ठेवावी आणि आधी कमानीकडे पाठ करून मिसिसिपीच्या काठाशी उतरावे.

निघण्यापूर्वी नकाशात मिसुरी नदी मिसिसिपीला कुठे मिळते ते शोधावे. न्यू ऑर्लिन्सहून फरच्या (केसाळ कातड्यांच्या) व्यापाराचा मक्ता घेऊन आलेल्या पिएर लाक्लेद या फ्रेंच व्यापाऱ्याला खरे तर त्या संगमाजवळचीच जागा हवी होती. पण तिथली जमीन सखल आणि पुरात बुडणारी होती, म्हणून डिसेंबर १७६३ मध्ये त्याने खाली दक्षिणेला पश्चिम काठावरची चुनखडीच्या कातळाची उंच जागा निवडली. तिथे पुराचे पाणी चढत नव्हते आणि ओसेज या मूळनिवासी लोकांशी व्यापार करायला मिसुरीची वाटही जवळ होती. फेब्रुवारी १७६४ मध्ये सुमारे तीस माणसे घेऊन कामाला लागला तो लाक्लेदचा मदतनीस ओग्यूस्त शुतो, वयाने जेमतेम चौदा वर्षांचा.

काठाशी आल्यावर आधी पायाखाली पाहावे. दगडी फरसबंदीचा हा उतरता घाट आगबोटींच्या काळाची खूण आहे. नदीची पातळी ऋतूप्रमाणे कित्येक मीटर वरखाली होत असल्याने उभा धक्का इथे निरुपयोगी ठरला असता. उतारावर मात्र पाणी कुठेही असले तरी बोटीचे नाक काठाला लावता येई. पुराच्या दिवसांत हा घाट बुडतो, म्हणून पाणी उतरलेले असतानाच जावे. पहिली आगबोट इथे १८१७ साली आली. १८४० मध्ये १६ हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८६० पर्यंत १ लाख ६० हजारांवर गेली.

आता पलीकडच्या तीराकडे नजर टाकावी. १८३० च्या दशकात नदीतल्या बेटाच्या पलीकडच्या बाजूला प्रवाह सरकू लागला आणि शहराच्या काठाला वाळू साचू लागली. बंदरच कोरडे पडण्याची वेळ आली, तेव्हा १८३७ पासून लष्करी अभियंता रॉबर्ट ई. ली याने बंधारे घालून पाणी पुन्हा शहराकडे वळवण्याचे काम हाती घेतले. पुढे अमेरिकेच्या गृहयुद्धात दक्षिणेचा सेनापती म्हणून गाजलेला ली तो हाच; शहराच्या दृष्टीने मला त्याचे हे काम अधिक मोलाचे वाटते.

त्यानंतर मागे वळून १८३४ मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या कॅथेड्रलपाशी जावे. लाक्लेदने गाव आखताना चर्चसाठी राखून ठेवलेली जागा हीच. पूर्व काठ ब्रिटिशांकडे गेल्यामुळे तिथले फ्रेंच लोक नदी ओलांडून इथे आले. पश्चिम काठही फ्रान्सने १७६२ च्या गुप्त तहाने स्पेनला देऊन टाकलेला होता, हे गाव वसवणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. नदीला समांतर तीन रस्त्यांच्या त्या मूळ गावावर आज कमानीभोवतीची हिरवळ आहे.

उत्तरेला लाक्लेद्स लँडिंग भागात विटांची जुनी गोदामे दिसतात. ती फ्रेंच काळातली समजू नयेत. १८४९ मध्ये एका आगबोटीला लागलेली आग शहरभर पसरली होती, आणि ही गोदामे त्यानंतरची आहेत. फ्रेंच धाटणीचे घर पाहायचेच असेल, तर सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला सेंट जेनेव्हीव्ह हे गाव गाठावे आणि तिथल्या काही घरांच्या भिंतींचा तळ निरखावा: उभे ओंडके पायाच्या दगडांवर न टेकता थेट मातीत पुरलेले दिसतात.