जँगोच्या टेम्प्लेटमध्ये एकाच पानापुरती शैली कशी जोडावी

गृहनिर्माण संस्थेच्या संकेतस्थळावर सूचना, सभासदांची यादी आणि जमाखर्च ही पाने एकाच सामाईक स्टाइलशीटवर (पानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलवर) व्यवस्थित चालतात. देखभाल शुल्काची पावती मात्र ए-५ आकाराच्या कागदावर छापायची असते आणि तिथे अडचण सुरू होते. कागदाचा आकार ठरवणारा ॲट-पेज नियम एरवी कोणत्याही सिलेक्टरला (नियम पानातल्या कोणत्या घटकांना लागू होतो हे सांगणाऱ्या भागाला) बांधलेला नसतो, त्यामुळे तो सामाईक फाइलमध्ये लिहिल्यास सभासदांची लांबलचक यादीसुद्धा ए-५ वर छापली जाऊ लागते. असे नियम त्या एका पानापुरतेच लोड व्हायला हवेत, आणि त्यासाठी जँगो या पायथॉनमधल्या वेब-चौकटीत टेम्प्लेटच्या वारसापद्धतीचा, म्हणजे एका मूळ टेम्प्लेटवर बाकीची पाने आधारण्याच्या सोयीचा, उपयोग करावा.

सुरुवात मूळ टेम्प्लेटपासून करावी. त्याच्या हेड भागात सामाईक स्टाइलशीटचा लिंक टॅग जिथे संपतो, त्याच्या लगेच खाली एक रिकामा ब्लॉक, म्हणजे आधारलेल्या पानाने भरायची नाव दिलेली जागा, ठेवावा. त्याला एक्स्ट्रा-सीएसएस असे किंवा सहज ओळखता येईल असे दुसरे कोणतेही नाव चालते. जँगोसोबत येणाऱ्या ॲडमिन या व्यवस्थापनाच्या पानांमध्ये अशाच ब्लॉकला एक्स्ट्रास्टाइल म्हटले आहे. ब्लॉकची जागा सामाईक फाइलच्या खालीच असावी, कारण दोन नियमांचे सिलेक्टर सारख्याच वजनाचे असतील तर ब्राउझर नंतर आलेला नियम लागू करतो. ब्लॉक वर गेला तर पानासाठी लिहिलेले नियम लोड होऊनही निष्प्रभ ठरतात, आणि मग जो तो नियम बळजबरीने लागू करणारा इम्पॉर्टंट हा शब्द लिहीत सुटतो.

पावतीच्या टेम्प्लेटमध्ये मूळ टेम्प्लेटचे नाव सांगणारा एक्स्टेंड्स हा पहिलाच टॅग असला पाहिजे. त्यानंतर फाइलचा पत्ता तयार करून देणाऱ्या स्टॅटिक टॅगसाठीची लोडची ओळ पुन्हा लिहावी लागते. मूळ टेम्प्लेटमध्ये केलेले लोड वारशाने खाली येत नाही, आणि ती ओळ विसरल्यास जँगो स्टॅटिक हा टॅग अवैध असल्याची तक्रार करतो. ही चूक निदान बोलून दाखवते. लिंक टॅग ब्लॉकच्या बाहेर लिहिण्याची चूक मात्र मुकी असते: मूळ टेम्प्लेटवर आधारलेल्या टेम्प्लेटमधला ब्लॉकबाहेरचा मजकूर पानात येतच नाही आणि त्याबद्दल कोणताही संदेश मिळत नाही. शैली लागत नसेल तर ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून लिंक टॅग मुळात उतरला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. इन्क्लूड या टॅगने दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या तुकड्यातून मूळ टेम्प्लेटचा ब्लॉक भरता येत नाही, कारण तो तुकडा स्वतंत्रपणे तयार होऊन मगच पानात येतो. त्याला लागणारी शैली त्याला बोलावणाऱ्या पानानेच जोडावी.

वारसा दोन पायऱ्यांचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. समजा, हिशेब विभागाचे स्वतःचे टेम्प्लेट आहे, त्याने याच ब्लॉकमध्ये हिशेब.सीएसएस जोडली आहे आणि पावती त्या टेम्प्लेटवर आधारलेली आहे. पावतीने ब्लॉक नव्याने लिहिला की विभागाची फाइल गळून पडते. ती टिकवायची असल्यास ब्लॉकच्या पहिल्याच ओळीत दुहेरी महिरपी कंसात ब्लॉक.सुपर (वरच्या टेम्प्लेटमधला त्याच ब्लॉकचा मजकूर) लिहावे आणि पावतीचा लिंक टॅग त्याच्या खाली ठेवावा.

स्टाइलशीट ॲपच्या (जँगो प्रकल्पातल्या एका स्वतंत्र भागाच्या) स्टॅटिक फोल्डरमध्ये थेट न टाकता आत ॲपच्याच नावाचे आणखी एक फोल्डर करून त्यात ठेवावी. हे पुनरुक्तीसारखे दिसते खरे, पण दोन ॲपमध्ये एकाच नावाची फाइल असल्यास जँगो आधी सापडलेली उचलतो. नेमकी कोणती उचलली जाते आहे, ते फाइंडस्टॅटिक या आज्ञेने कळते.

प्रत्यक्ष नियम लिहिताना बॉडी टॅगच्या क्लाससाठीही मूळ टेम्प्लेटमध्ये एक छोटा ब्लॉक ठेवणे मला सोयीचे वाटते. पावतीने तो भरला की ॲट-पेज सोडून तिचे बाकीचे नियम त्या क्लासच्या आधाराने लिहिता येतात, त्यांचे वजन सामाईक फाइलमधल्या साध्या नियमांपेक्षा आपोआप वाढते आणि पुढे फाइली एकत्र कराव्या लागल्या तरी इतर पाने बिघडत नाहीत. फक्त छपाईसाठी असलेल्या फाइलच्या लिंक टॅगला मीडिया प्रिंट हा गुणधर्म द्यावा. पावतीचे शीर्षक मराठीत असेल तर त्यावर लेटर-स्पेसिंग लावू नये, कारण अक्षरे सुटी होऊन शिरोरेषा तुटते; ओळींची उंचीही फार कमी ठेवू नये, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. इंग्रजीवर बेतलेल्या तयार थीम वापरताना हे दोष हमखास दिसतात.

फॉर्ममधील एखाद्या विजेटची (माहिती भरण्याच्या घटकाची) स्वतःची शैली असेल, उदाहरणार्थ तारीख निवडण्याच्या पेटीची, तर ती हाताने जोडू नये. विजेटच्या मीडिया या आतील क्लासमध्ये फाइल नोंदवावी आणि त्याच ब्लॉकमध्ये फॉर्म.मीडिया.सीएसएस छापावे.

सर्व्हरवर चढवताना सगळ्या स्टॅटिक फाइली एका ठिकाणी गोळा करणारी कलेक्टस्टॅटिक ही आज्ञा चालवायला विसरू नये. मॅनिफेस्ट (फाइलींच्या मूळ व बदललेल्या नावांची यादी) ठेवणारी साठवण वापरत असल्यास प्रत्येक फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली १२ अक्षरांची खूण मिसळली जाते, त्यामुळे फाइल बदलली की नावही बदलते आणि ब्राउझर जुनी प्रत दाखवत राहत नाही. हा लाभ स्टॅटिक टॅगमधून आलेल्या पत्त्यालाच मिळतो. लिंकमध्ये पत्ता हाताने लिहिला असेल तर मिळत नाही. डीबग (विकासाच्या काळात चालू ठेवायची सेटिंग) बंद असताना टॅगमध्ये दिलेली फाइल मॅनिफेस्टमध्ये नसेल, तर नुसती शैली न जाता अख्खे पानच त्रुटी देऊन बंद पडते. म्हणून नवी फाइल जोडली की डीबग बंद ठेवून ते पान एकदा उघडून पाहावे आणि पावतीसारखे पान असल्यास छपाईचे पूर्वदर्शनही त्याच वेळी तपासावे.