परराष्ट्र धोरण शिकताय? आधी खर्चाचे तक्ते उघडा

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय नव्याने घेतलेल्या मुलांचे प्रबंधांचे आराखडे माझ्याकडे वाचायला येतात. पहिल्या परिच्छेदात साम-दाम-दंड आणि शेवटी ‘मुत्सद्देगिरी, विकास आणि लष्करी बळ यांचा समतोल हवा’ हे ठरलेलं. समतोल नको कोणाला? तो ठरतो कुठे, हे शोधायचं असतं. मला तरी तो भाषणांपेक्षा अर्थसंकल्पात आणि मनुष्यबळात जास्त सापडला आहे.

भारताचं बघा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते, परराष्ट्र मंत्रालयासाठी सुमारे २०,५०० कोटी. दूतावासांचा खर्च आणि शेजाऱ्यांची मदत यातच. एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी. पण ‘तेहतीस पट खर्च, म्हणजे धोरण युद्धखोर’ असं लिहून मोकळे होऊ नका. सैन्याचे पगार, निवृत्तिवेतन, शस्त्रं हे सगळं महागच असतं. तुलना करायची ती त्याच खात्याच्या मागच्या वर्षांशी आणि त्याच्यावर टाकलेल्या कामाशी. शिवाय आपली बरीच विकासमदत एक्झिम बँकेच्या, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँकेच्या, सवलतीच्या कर्जांतून जाते. ती या आकड्यात शोधत बसलात तर वेळ फुकट.

अमेरिकेत परराष्ट्र खात्याला जास्त पैसा द्या, असं २००७ मध्ये जाहीरपणे सांगणारे रॉबर्ट गेट्स त्या वेळी संरक्षणमंत्री होते. मागणी दुसऱ्या खात्यासाठी, म्हणून ते भाषण मुळातून वाचा. आणि २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशांना विकासमदत देणारी अमेरिकी संस्था बंद करून उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे दिलं गेलं, तेही त्याच्या शेजारी ठेवून बघा.

आता कजाकी. अफगाणिस्तानात हेलमंद नदीवरचं हे धरण १९५०च्या दशकात अमेरिकी मदतीने झालं. पुढे तिथे विजेची दोन जनित्रं बसली, तिसऱ्याची जागा रिकामी राहिली. २००८ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या पुढाकाराने सुमारे शंभर वाहनांचा ताफा तिसऱ्या जनित्राचे अवजड सुटे भाग घेऊन निघाला. दिमतीला काही हजार सैनिक. तालिबानच्या मुलखातून सामान धरणावर पोचलं, लष्करी मोहीम फत्ते झाली. पण जनित्र बसवायला सिमेंट लागतं, सिमेंटला रस्ता लागतो आणि तो रस्ता रोजच्या रोज सुरक्षित ठेवणं कोणाला जमलं नाही. सुटे भाग वर्षानुवर्षं पडून राहिले. जनित्र सुरू व्हायला २०१६ उजाडलं. ब्रिटिश तुकडीची तैनाती साधारण सहा महिन्यांची, धरणाचं काम काही वर्षांचं, आणि त्या खोऱ्यातल्या टोळ्यांशी राजकीय समझोता व्हायचा तर त्याला किती काळ लागेल हे सांगता येत नाही. माझ्या मते लष्कर, विकास आणि मुत्सद्देगिरी या तिन्हींची खरी ओढाताण पैशाइतकीच या वेळेची आहे, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी तीच पटकन उरकतात.

असे तपशील लेखापरीक्षणाच्या अहवालांत मिळतात. अफगाणिस्तान पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने नेमलेल्या विशेष महानिरीक्षकाचे अहवाल वाचा. आपल्याकडे संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीचे अहवाल आहेत. रटाळ असतात, पण न भरलेली पदं आणि न खर्चलेला पैसा तिथेच दिसतो. धोरणपत्रिका त्यानंतर वाचल्या तरी चालतात.

पहिला प्रबंध लिहिताना अख्ख्या देशाचं धोरण अंगावर घेऊ नका. अफगाणिस्तानातला झरंज-देलाराम रस्ता पुरेसा आहे: २१८ किलोमीटर, भारताच्या पैशाने, सीमा रस्ते संघटनेने बांधलेला, २००९ मध्ये अफगाण सरकारच्या ताब्यात दिलेला. कामगारांवर हल्ले होत होते म्हणून पहाऱ्याला भारत-तिबेट सीमा पोलीस, म्हणजे गृहखात्याची माणसं. हेतू असा की पाकिस्तानला वळसा घालून इराणमार्गे अफगाणिस्तानशी व्यापार व्हावा. रस्ता कोणी मागितला, पैसे कुठल्या खात्याचे, राखण कोणाची आणि हस्तांतरानंतर डागडुजी कोण करणार, एवढ्या चार प्रश्नांवर एक प्रबंध सहज उभा राहतो.