बंदुकीच्या हिंसाचारावर संशोधन: नवख्यांसाठी काही अनुभव

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना बंदुकीच्या हिंसाचाराच्या प्रतिबंधावर काम करणाऱ्या एका गटात मला संशोधन साहाय्यकाची जागा मिळाली. माझे मूळ शिक्षण संख्याशास्त्राचे, आणि या विषयाची समज बातम्यांच्या मथळ्यांपुरती; शाळेत किंवा बाजारात झालेला सामूहिक गोळीबार म्हणजेच हा प्रश्न, असे मी धरून चालले होते. ती समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली. २०२१ साली त्या देशात बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले, त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या आणि खुनांचा वाटा सुमारे ४३ टक्के होता. सामूहिक गोळीबारांतले बळी या एकूण आकड्याचा अगदी लहानसा भाग होते. आत्महत्या आणि वस्त्यांमधले खून यांची कारणे, नोंदी आणि उपाय वेगवेगळे असल्यामुळे आपण कशावर काम करणार हे नवख्याने लवकर ठरवावे. मी वस्त्यांमधला हिंसाचार निवडला.

माझे पहिले काम शहरातल्या गोळीबारांच्या बळींचा नकाशा करण्याचे होते. तीन आठवडे खपून तो केला आणि बैठकीत पडद्यावर दाखवला, तेव्हा सर्वांत गडद ठिपका एकाच चौकावर उमटलेला होता आणि त्यावरून मी दोन-तीन अनुमानेही मांडली. वस्तीत अनेक वर्षे काम केलेला एक कार्यकर्ता मागच्या रांगेत बसला होता. तो शांतपणे म्हणाला, “तिथे तर हॉस्पिटल आहे.” मी मृत्यूच्या दाखल्यावरचे ‘मृत्यूचे ठिकाण’ घेतले होते, गोळी कोठे लागली हे पोलिसांच्या नोंदीत होते आणि ती मी उघडलीच नव्हती.

असे सापळे या कामात जागोजागी आहेत. गोळी लागून वाचलेल्यांची माहिती रुग्णालयांच्या कोडमधून, म्हणजे इजेच्या प्रत्येक कारणासाठी ठरलेल्या संकेतांकांतून मिळते. तेथे हल्ल्यासाठी एक्स ९३ ते एक्स ९५ आणि अपघातासाठी डब्ल्यू ३२ ते डब्ल्यू ३४ असे कोड आहेत. पण इजेमागचा हेतू डॉक्टरांनी लिहिलेला नसेल तर ती अपघाती धरावी, असा कोडिंगचा नियमच आहे. घाईच्या रात्री हेतू लिहायचा राहून जातो आणि हल्ल्यात जखमी झालेला तरुण आकडेवारीत अपघातग्रस्त ठरतो. हा नियम ठाऊक नसताना केलेले विश्लेषण कितीही सफाईदार असले, तरी मला त्याचा भरवसा वाटत नाही.

या क्षेत्रात अनुभवी मार्गदर्शक कमी भेटतात, याला इतिहास कारण आहे. १९९६ साली अमेरिकी संसदेने केलेल्या, ‘डिकी दुरुस्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायदेशीर तरतुदीने रोगनियंत्रण केंद्र (सीडीसी) या सरकारी आरोग्यसंस्थेचा इजा प्रतिबंधाचा निधी बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरण्यास मनाई केली. संशोधनावर सरळ बंदी नव्हती. मात्र केंद्राने आदल्या वर्षी या विषयावर जेवढा खर्च केला होता, नेमके तेवढेच २६ लाख डॉलर त्याच्या अंदाजपत्रकातून कमी झाले आणि या विषयापासून दूर राहावे, हा त्याचा अर्थ सर्वांना कळला. त्यानंतर २०२० या आर्थिक वर्षासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, तेही रोगनियंत्रण केंद्र आणि राष्ट्रीय आरोग्य संस्था यांत निम्मे-निम्मे. मधल्या दोन दशकांत जी पिढी घडायला हवी होती ती पुरेशी घडली नाही. त्यामुळे मार्गदर्शक शोधताना गुन्हेशास्त्र, अर्थशास्त्र आणि शल्यचिकित्सा या विभागांचीही दारे ठोठवावी लागतात.

उपायांचे मूल्यमापन हा मला सर्वांत समृद्ध भाग वाटतो. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० साली शिकागोच्या वेस्ट गारफील्ड पार्कमध्ये सुरू केलेल्या उपक्रमात वस्तीतलीच विश्वासू माणसे भांडण बंदुकीपर्यंत जाण्याआधी मध्ये पडतात. कल्पना मनाला भिडते, पण मूल्यमापनांचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि ते तसेच सांगितले पाहिजेत. फिलाडेल्फियाचा प्रयोग मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते. तेथे ५४१ पडीक भूखंड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने गटांत विभागण्यात आले. काहींवरचा कचरा काढून, गवत व थोडी झाडे लावून बुटके लाकडी कुंपण घातले, काहींची केवळ साफसफाई केली आणि उरलेले होते तसे ठेवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालील परिसरांत, जेथे जमिनीवर असे काम झाले तेथे, बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. यादृच्छिक निवड माणसांची नव्हे, जमिनीची करायची, ही युक्ती मला आजही हेवा वाटावा अशी वाटते.

हिंसाचार सोसलेल्यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण लिहून काढण्याचे काम आले, तर दिवसाला एकच मुलाखत घ्यावी; ऐकणाऱ्याच्या मनावर तिचा ताण येतो. मी एकदा सलग तीन घेतल्या आणि पुढचे काही दिवस कामाला हात लावू शकले नाही. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी संगणकाला हात लावण्याआधी दहा नोंदी देते आणि त्यांतील प्रत्येक नोंद कोणी, कोठे, कोणत्या कागदावरून भरली हे शोधून आणायला सांगते. बहुतेकांना यासाठी एक आठवडा पुरेल असे वाटते. प्रत्यक्षात महिना जातो.