शरीरातील चरबी मोजायची पद्धत कशी निवडावी

जिवंत माणसाच्या शरीरातील चरबी वेगळी काढून तोलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक पद्धत दुसरेच काही मोजते, म्हणजे त्वचेच्या घडीची जाडी, विजेला होणारा विरोध किंवा क्ष-किरणांचे शोषण, आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधते. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ही चरबीची मोजणी नव्हे. सांगलीच्या तालमीतला १७० सेंमी उंच, ८५ किलोचा पैलवान घेतला, तर त्याचा बीएमआय २९.४ भरतो आणि २५ ही भारतीयांसाठीची मर्यादा लावल्यास तो लठ्ठ ठरतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र डेक्सा या क्ष-किरणांच्या तपासणीत चरबी अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के निघाली, हे त्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

घरच्या घरी करायचे असेल, तर कंबरेचा घेर आधी घ्यावा. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पट्टी न आवळता माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीपासून पुढे सावध व्हावे. टक्केवारी मिळत नसली, तरी पोटातल्या घातक चरबीचा सुगावा यातून लागतो, त्यामुळे मी हे माप कधीच गाळणार नाही.

कॅलिपरचे, म्हणजे त्वचेच्या घडीची जाडी मोजणाऱ्या चिमट्याचे, माप स्वस्त आणि चांगले असते, पण ते हाताच्या सरावावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर खूण करावी, तिच्या सुमारे १ सेंमी वर त्वचा आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून स्नायूपासून अलग उचलावी, खुणेवर कॅलिपर लावावा, चिमटी न सोडता दोन सेकंदांनी आकडा वाचावा. सगळ्या जागांची एक फेरी झाल्यावर पुन्हा मोजावे आणि दोन मापांत २ मिमीहून अधिक फरक पडल्यास तिसरे घ्यावे. दर वेळी मोजणारी व्यक्ती तीच असावी.

शरीरात सौम्य वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणाऱ्या, व्यायामशाळेतील विजेच्या काट्यावर सकाळी अजिंक्यतारा चढून आल्याबरोबर उभे राहू नये, कारण घाम, तापलेली त्वचा आणि घटलेले पाणी यांमुळे आकडा भलतीकडे सरकतो. उठल्यावर, लघवी करून, उपाशीपोटी, कोरड्या पायांनी मोजावे. पेसमेकर असलेल्यांनी हा काटा टाळावा.

डेक्सा या सर्वांत अधिक विश्वसनीय असून चरबी कोणत्या भागात आहे हेही दाखवते. मात्र गरोदरपणी ती करू नये. हाडांच्या तपासणीसाठी असलेल्या डेक्सा यंत्रावर संपूर्ण शरीराची मोजणी होते का, हे नाव नोंदवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. प्रगती पाहायची असेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच पद्धतीने, त्याच वेळी मोजावे आणि एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक हिशेबात धरू नये.